नजर लागते!

फोटोशॉपमध्ये ‘अ‍ॅक्शन्स’ची सोय १९९६ पासून, म्हणजे ४.० आवृत्तीपासून आहे. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यंत्राला काय कळतं, फोटोला नजर लागते, असं मी नातेवाइकांना ऐकवत असे.

घरचे जुने अल्बम स्कॅन होऊन साफसफाईला माझ्याकडे आले, तेव्हा मात्र रेकॉर्डचं बटण दाबलं. एका फोटोवर नेहमीचं सगळं केलं, बटण बंद केलं आणि पॅनेल पाहिलं. लेव्हल्स, डस्ट अँड स्क्रॅचेस, शार्पन, सेव्ह वगैरे मिळून आठ ओळी. ज्या कलेपायी लग्नकार्यांत मला पहिल्या पंगतीला बसवत, ती आठ ओळींत आटोपली होती. किराण्याची यादी याहून लांब असते.

मग फाइल, ऑटोमेट, बॅच. फोल्डर त्याच्या हवाली केला आणि कलावंत चहा करायला गेले.

इथे जुन्या स्टुडिओंतल्या रिटचरबद्दल बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिला वार्निश चोळायचं, नाहीतर पेन्सिल धरत नाही. निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं झालेलं असतं, त्यामुळे सुरकुती तिथे फिकट दिसते. त्या फिकट रेघेत शिसाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर चेहरा उजळतो. पण पेन्सिलीने उजळवताच येतं. काही गडद करायचं तर पात्याने खरवडायचं, आणि हात जरा घसरला की नवरी गेली! एवढं करून हा माणूस कुठे सही करत नसे. माझ्या यादीत नाव टाकायची नववी ओळ येणारच होती.

असो. डस्ट अँड स्क्रॅचेस आजूबाजूपेक्षा वेगळा ठिपका हेरतं आणि त्याला शेजाऱ्यांच्या रंगात मिसळून टाकतं. बुरशीचे डाग गेले. आजीच्या गालावरचे देवीचे वणही गेले. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. आजीने ते वण त्यानंतरही कित्येक वर्षं ताठ मानेने वागवले. पदराआड तोंड लपवणारी बाई नव्हती ती. आता पडद्यावर साबणाच्या जाहिरातीतली कोणी गुळगुळीत तरुणी बसली होती आणि ती माझी कोणी लागत नव्हती.

मूळ स्कॅन मी वेगळे ठेवले होते (ही अक्कल त्या आठ ओळींची नव्हे, नोंद असावी). ते मोठे करून एकेक ठिपका तपासू लागलो. हनुवटीवरचा हा ठिपका गोंदण की बुरशी? माझ्या नामांकित नजरेला सांगता येईना. आत्याला फोन लावला.

“गोंदण होतं रे. उजवीकडे. का डावीकडे?”

काका म्हणाले, “आईला गोंदण होतं?”

आणखी कोणाला विचारावं, असं कोणी उरलेलं नाही.

शेवटी साफ केलेला फोटोच आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. गोंदण राहिलं बाजूला. गळ्यातले बारीक काळे मणीसुद्धा धूळ समजून पुसले गेले होते, ते मी पाहिलं नव्हतं, तिने पाहिलं.

“अरे, शेजारी बाबा धडधाकट बसलेत, आणि आईचं मंगळसूत्र कुठे घालवलंस?”