फोर्टातले वाटाडे

फोर्टात कुठे काय खावे हे ज्यांना विचारल्याशिवाय खाता येत नाही, आणि विचारल्यावर तर दीड तास खाता येत नाही, असे एक काका प्रत्येक कचेरीत असतात. आमच्या बँकेतले निवृत्त झाले, पण आमच्या मागचे सुटले नाहीत. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला, तो केवळ आपल्या खाण्यासाठी, अशी त्यांची समजूत आहे. त्या शनिवारी साडेदहाला ते सीएसएमटीसमोर हजर. अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, खांद्याला शबनम, शबनममध्ये घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. आमच्यातल्या कुणी पाणी विकत घेतलेले दिसले की बुडीत कर्जाची फाइल समोर आल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

ही वेळ तशी अडनिडी. न्याहारीला उशीर, जेवणाला घाई. नवी पोरे तिला ब्रंच म्हणतात. काकांना नावाशी कर्तव्य नाही. दोन वेळचे काम एका बिलात भागले पाहिजे, एवढीच त्यांची अट. दुसरी अट, बसून खायचे. बाकीच्या अटी वाटेत सुचत जातात.

खरे तर स्टेशनासमोरच ‘आराम’ आहे. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ. पोट भरते, खिसाही कुरकुरत नाही. आमचे तिथेच भागले असते. पण नाकासमोर दिसले त्याला काका ‘सापडले’ म्हणत नाहीत. पलीकडे बझारगेटच्या बाजूला ‘पंचम पुरीवाला’. पुऱ्या टम्म फुगलेल्या, भाजी वाफाळती. “उत्तम! पण पुरी अंगावर येते रे, आणि आपल्याला अजून चालायचंय.” का चालायचंय, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

मग महापालिका मार्गाने, आझाद मैदान डाव्या हाताला ठेवून, आमची दिंडी मेट्रो सिनेमाकडे निघते. वाटेत इराण्यांचा इतिहास होतो. कोपऱ्यावरची जागा इतर व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना मिळाली, ही कथा काका अशी सांगतात की भाडेकरार यांच्याच टेबलावर झाला असावा. धोबीतलावला ‘कयानी’ १९०४ ची आणि ‘ससानियन’ १९१३ ची. दोन्ही हाकेच्या अंतरावर, आणि आत कुठे शिरायचे यावर फुटपाथवर पंधरा मिनिटे विचारविनिमय. भूक लागलेल्या माणसाला नऊ वर्षांच्या ज्येष्ठतेचे काय कौतुक असणार, पण काका बँकेतले. सीनियॉरिटी पाळतात.

एकदा टेबल मिळाले की मात्र हा माणूस बघत राहावा. मेनूकार्ड ते उजवीकडून वाचतात. दर पटला तरच डावीकडे पदार्थ काय आहे ते बघतात. बहुतेकदा अकुरी ठरते. अकुरी म्हणजे भुर्जी नव्हे, हे ते अंडे फुटायच्या आत ऐकवतात. भुर्जी मोकळी होईपर्यंत परततात. अकुरी ओलसर असतानाच उतरवायची, कारण उतरल्यावरही ती आतल्या आत शिजत राहते. आचाऱ्याने वेळीच हात आवरला की नाही, हे कळायला काका बशी किंचित कलती करतात. अकुरी हलली तर आचारी पास. ढिम्म बसून राहिली तर मुदपाकखान्याकडे एक नजर. मग ब्रून मस्का. ब्रून वरून कडक हवा, म्हणून काका तो कानाशी धरून दाबतात. आम्ही त्या वेळी भिंतीवरचे घड्याळ बघतो. शेवटी वरचा अर्धा भाग उचलून मस्का कडेपर्यंत पोचलाय की नुसता मध्येच लावलाय, याची तपासणी.

खिमा घोटाळा कुणी मागवला तर त्यांची हरकत नसते. बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाने मान्य केलेला हा एकमेव घोटाळा.

त्यांचा खरा दोष वेगळाच. चांगली जागा सापडली की ते आम्हाला शपथ घालतात, कुणाला सांगायचे नाही. तीच शपथ परतीच्या लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही घालतात. पुढल्या खेपेला खुर्ची मिळाली नाही की, “वाट लावली लोकांनी चांगल्या जागेची!”

मध्यंतरी पुतण्याने त्यांना काळा घोड्याजवळच्या एका कॅफेत नेले. मूळचा पुतळा १९६५ सालीच तिथून हलला, २०१७ साली नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. काकांचे म्हणणे, स्वार नाही तर दर तरी कमी हवेत. आत पाटावर वाढलेली अकुरी आली. पाटाखाली बशी नाही, पाटावर पाव नाही. आंबवलेल्या जाड ब्रेडचा एकच काप, त्यावर रानात उगवल्यासारखा पाला. दर सहाशेच्या घरात. पुतण्या घाबरून बघत होता, पण काकांनी शांतपणे शेवटच्या कणापर्यंत खाल्ले आणि मेनूकार्डाचा फोटो काढून घेतला.

तेव्हापासून ते बदललेच. इराण्याकडे बिल आले की फोन काढतात, तो फोटो मोठा करतात आणि शर्टाच्या खिशातल्या पेनाने पेपर नॅपकिनवर वजाबाकी मांडतात. माणशी चार-साडेचारशे रुपये नफा! पाचजणांचे दोन हजारांवर! त्या नफ्याच्या नावावर खिमा येतो, मावा केक येतो, घरी न्यायला नानकटाईचा पुडा येतो. गेल्या शनिवारी बिल काळ्या घोड्याच्या बरोबरीला आले, तरी वजाबाकीत आम्ही फायद्यातच होतो. वेटर बिल घेऊन वळला तसा काकांनी त्याला थांबवले.

“चाचा, कॅरॅमल कस्टर्ड पाच. बचतीतून.”