आधी घाम, मग रक्त

रक्त न्यायला घरी येणारा मुलगा दारात बूट काढत असतो, तेव्हाच माझ्या कपाळावर पहिला थेंब उभा राहतो. त्याचा रबरी पट्टा पिशवीतून बाहेर येईतो बनियन पाठीला चिकटलेलं असतं. सुई अजून वेष्टनातच! गेल्या महिन्यात बिचाऱ्याने आधी पंखा वाढवला, मग माझा दंड पुसला, मग पुन्हा पुसला. ‘काका, मूठ घट्ट आवळा.’ आवळतो कसली, निसटत होती. आतून आवाज आला, ‘अहो, त्याला आणखी चार घरं करायची आहेत.’

एवढा माल फुकट वाहून जात असताना भोक पाडायचंच कशाला, या विचाराने मी वाचायला बसलो. अंगावर म्हणे 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. घामात 99 टक्के पाणी, पण उरलेल्यात मीठ, पोटॅशियम, लॅक्टेट आणि किंचित साखरसुद्धा! 1948 साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाची लाट आली, तेव्हा उष्म्याने गळून दवाखान्यात आलेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची बरीच निघाली. त्यांच्या घामातून भरमसाट मीठ जातं, हे डॉ. पॉल डी सँटअग्नीझ यांनी दाखवून दिलं. आजही त्या आजाराचं निदान घामावरूनच करतात. बाळाच्या हातावर औषध लावून विजेचा सौम्य प्रवाह सोडायचा, की घाम येतो. मला प्रवाह लागणार नाही. विजेचं बिल दाखवलं तरी पुरे.

2016 मध्ये तर बर्कलीच्या संशोधकांनी मनगटाला बांधायची पट्टीच केली. घामातलं सोडियम, पोटॅशियम, साखर, लॅक्टेट एकदमच मोजून आकडे थेट फोनवर.

माझी छाती फुगली होती, ती साखरेपाशी बसली. घामातली साखर रक्तातल्या साखरेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी. त्यात कातडीवरचा मळ मिसळतो आणि घाम किती वेगाने सुटतो त्यावर आकडेही हलतात. 2001 साली अमेरिकेत ‘ग्लुकोवॉच’ नावाच्या मनगटी घड्याळाला परवानगी मिळाली होती. ते घाम नव्हे, तर कातडीखालचा द्रव विजेने वर ओढून साखर सांगायचं. आणि घाम जास्त आला, की आकडा देणंच टाळायचं! माझ्या हातावर त्याने जन्मभर मौनव्रत पाळलं असतं.

सबब, उद्या सकाळी 7 वाजता उपाशीपोटी पुन्हा सुईच. दोन टॉवेल काढून ठेवलेत, एक माझा आणि एक त्या मुलाचा.

संशोधकांना मात्र एक विनंती. ही यंत्रं गार खोलीत सायकल मारणाऱ्या तरुणांवर पारखू नका. मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमारास, डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद लोकलमध्ये या. घाम मुबलक मिळेल. फक्त माझ्या दंडावरचा कोणता थेंब माझा आणि कोणता शेजारच्याचा, हे सांगणारं यंत्र आधी करून आणा.