घंटांचे धर्मांतर
घंटा आणि तोफ या दोन्ही वस्तू तांबे व कथील यांच्या मिश्रणातून ओतल्या जात. घंटेत कथील साधारण पाचवा हिस्सा, तोफेत त्याच्या निम्मे. देवपूजा आणि नरसंहार यांत धातुशास्त्राच्या हिशेबाने फरक एवढाच. 1700 साली नार्व्हाला स्वीडनकडून सपाटून मार खाल्ल्यावर रशियाच्या झार पीटरने चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतवल्या. पाद्री कुरकुरले, पण त्यांच्याकडे तोफा नव्हत्या.

कोलोनच्या कॅथेड्रलमधील कैसर घंटेने तर दोन्ही बाजूंचा प्रवास केला. 1870-71 च्या युद्धात जर्मनांनी जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून ती घडली. वजन सुमारे 27 टन. 1918 मध्ये दारूगोळ्यासाठी तीच पुन्हा भट्टीत गेली. तेव्हा कित्येक जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले होते. समोरच्या खंदकातल्या फ्रेंचांचीही तशीच खात्री होती. देवाकडून कोणालाच खुलासा आला नाही.

मराठ्यांनी वितळवण्याची खटपटही केली नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चच्या घंटा थेट देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर या महादेवाच्या मंदिरातील घंटेवर 1721 हे इसवी साल आहे, तर मेणवली गावातल्या घंटेवर चक्क बाळ येशूला घेतलेली मरिया. माणसाच्या धर्मांतरावर जातपंचायती बसल्या. घंटेला साधे प्रायश्चित्तही पडले नाही. महादेवाने तिच्या पोर्तुगीज नादाबद्दल तक्रार केल्याचेही कुठे नमूद नाही.