ट्रायल मारून बघा, साहेब

जुनी गाडी घेण्याआधी चालवून बघावी, असं सगळेच सांगतात. चालवताना आपल्याला काय काय बघू दिलं जातं, हे कोणी सांगत नाही.

माझी पहिली तक्रार बॉनेटबद्दल आहे. वेळ अकराची ठरलेली असते. आपण पोचतो तेव्हा एजंट गाडीला टेकून उभा असतो आणि बॉनेटवर हात ठेवला की चटका बसतो. "आत्ताच धुऊन आणली, साहेब." पाण्याने धुतल्यावर गाडी तापते, हे ज्ञान मला या धंद्यातच मिळालं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते, तेवढीच काही मिनिटं ती खरं बोलते. व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्री झिरपलेलं ऑइल तेव्हाच निळ्या धुरातून बाहेर पडतं. टॅपेट वाजायचे ते तेव्हाच वाजतात. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असेल तर सेल्फ तेव्हाच कण्हतो. इंजिन एकदा तापलं की सगळे साळसूद होतात. ही काही मिनिटं एजंट आपल्या येण्याआधी एकट्याने उरकून घेतो.

पांढऱ्या धुराचं कारण मात्र त्याच्याकडे तयार असतं. थंडी. थंडीत सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडी वाफ निघते, हे खरं आहे. पण इंजिन तापल्यावरही धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर संशय हेड गॅसकेटवर जातो. मला हे थंडीचं कारण मे महिन्यात मिळालं आहे, पुण्यात, भर दुपारी.

मग किल्ली फिरते आणि गाणं लागतं. एसी चारवर. "साउंड ऐका, साहेब, कंपनीचा आहे." मला साउंड ऐकायचाच असतो, पण व्हीलबेअरिंगचा. वेग वाढेल तशी वाढत जाणारी त्याची घुंऽऽ गाण्याच्या ठेक्याखाली सहज दबते. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवलं की 'कट-कट-कट' वाजतं का, म्हणजे एक्सलचा जॉइंट गेलाय का, हेही ऐकायचं असतं. गाणं बंद करावं तर एजंट सुरू होतो. एरवी तो गप्प बसतो. पण पुढचं चाक गतिरोधकावरून उतरून खालून 'खट' असा आवाज यायच्या नेमक्या क्षणी त्याला माझं गाव कोणतं, हे विचारायची निकड भासते. लिंक रॉड की लोअर आर्मचा बुश, हा प्रश्न माझ्या गावच्या चौकशीत वाहून जातो.

तरीही आवाज ऐकू आलाच तर निकाल तयार असतो: "या मॉडेलला असतोच." चुकून काही कबूल झालंच तर ते पाचशे रुपयांचं काम असतं. क्लचप्लेट, शॉकअब, स्टेअरिंगचा रॅक, सगळं पाचशेत. मग तेवढं करून का घेतलं नाही, असं मी विचारलं. "म्हटलं, घेणारा आपल्या मनासारखं करून घेईल."

रस्त्याची निवड हा वेगळाच विषय. पुण्यात नुकतंच डांबर पडलेला, सपाट, बिनखड्ड्यांचा रस्ता शोधून काढणाऱ्या माणसाच्या चिकाटीला मी मानतो. कात्रजचा घाट म्हटलं की त्याला दुसरं गिऱ्हाईक यायचं असतं. खरं तर चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, आरपीएम उसळले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय हे लगेच कळतं. पण टाकीतलं पेट्रोल चौकापर्यंतच पुरेल एवढं असतं.

डॅशबोर्डवर एकही लाल-पिवळा दिवा नाही, याचं मला कौतुकाने दर्शन घडवलं जातं. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर त्याचं तोंड कोणीतरी बंद केलं आहे. आणि सकाळी अकरा वाजता डॅशबोर्डवरच्या घड्याळात बारा वाजलेले असतील, तर बॅटरीची वायर नुकतीच काढून लावली आहे. जुने दोष पुसले जातात ते असेच.

आपल्या बाजूनेही फार मदत होते असं नाही. बरोबर आलेला जाणकार मेहुणा टायरला लाथ घालतो, मान डोलावतो आणि "गाडी माखन आहे" म्हणतो. टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे कोणी वाचत नाही. ३२१६ म्हणजे २०१६ सालचा ३२वा आठवडा. मीटर अडतीस हजार दाखवतोय, ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि गाडी म्हणे फक्त देवदर्शनाला वापरली. देव लांबचे असावेत.

तेव्हा तमाम विकणाऱ्यांना विनंती: डेंटिंग-पेंटिंग, पॉलिश, सुगंधी फवारा, हवं ते करा. फक्त आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नका, आणि निघताना दोनशेचं पेट्रोल टाका. पैसे हवे तर आम्ही देऊ.