मधला बॉल कुणाचा?

लग्नातला कुठलाही ग्रुप फोटो काढा, आमच्या डबल्सकाकांचा डावा हात पाठीमागे. मूठ मिटलेली असली तर ‘जागा सोडू नकोस’. पंजा उघडला की ‘मी पलीकडे कापतोय’. काका आइस्क्रीमकडे कापले की जिलबीची बाजू काकूंनी सांभाळायची, हे तिसेक वर्षांत न बोलता ठरलेलं आहे.

काका कॉलेजात युनिव्हर्सिटीकडून टेनिस खेळले, मग काही वर्षं सॅटेलाइट सर्किटवर. तेव्हा ओळीनं तीन स्पर्धा, चौथ्या आठवड्यात मास्टर्स आणि मग कुठे रँकिंगचे पॉइंट. काकांची जोडी दोन आठवडे झकास खेळली. तिसऱ्या आठवड्यात पार्टनरनं स्टेशनवरची भजी खाल्ली. “पोट त्याचं, करिअर माझं!” असं म्हणून काका आजही भज्यांची बशी जरा लांब सरकवतात. मग दोन भजी उचलतात.

सिंगल्सचं नाव काढलं की म्हणतात, “एकट्यानं काय, भिंतीवरसुद्धा खेळता येतं.” १९९९ साली पेस-भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला गेले, त्यातल्या पॅरिस आणि विम्बल्डन जिंकले, हे ते घरचं कार्य पार पडल्यासारखं सांगतात. पुढे जोडी फुटली, त्यावर मात्र सोयरिक मोडल्यासारखे गप्प. भूपती १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाकडून अमेरिकेतला कॉलेज डबल्सचा विजेता होता, ‘हे कुणालाच ठाऊक नसतं’, असं ते इतक्यांदा सांगतात, की आता आमच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. बोपण्णानं २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली, त्याच आठवड्यात काकांनी गुडघ्यांना नवे नी-कॅप आणले. वय साठ.

एका रविवारी जिमखान्यावर त्यांचा चौथा गडी आला नाही, म्हणून मला उभं केलं. दर बॉलनंतर काका माझ्याजवळ येऊन तोंडावर हात धरून कुजबुजायचे. समोर दोन आजोबा, त्यातल्या एकाला मुळात ऐकूच कमी येत होतं. मी नेटमध्ये मारलं की म्हणायचे, “सॉरी पार्टनर!” शब्द माफीचे, आवाज असा, की चूक कुणाची ते शेजारच्या कोर्टालाही कळावं. शेवटी एक सोपा बॉल दोघांच्या बरोबर मधून गेला. तो फोरहँडवाल्याचा, की क्रॉस उभा असेल त्याचा, यावर घरी येईपर्यंत व्याख्यान झालं. निकाल: माझा.

घरी काकूंनी चहासाठी दूध चढवलेलं. काका टीपॉयवर बिस्किटं मांडून मला ऑस्ट्रेलियन फॉर्मेशन समजावत होते, एक मारी म्हणजे सर्व्हर, नेटवाला त्याच्याच बाजूला. काकू दाराशी भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेत होत्या. दूध वर येऊ लागलं.

“तुझा!” काका ओरडले.

“तुमचा!” काकू.

दूध बरोबर मधून गेलं.

“सॉरी पार्टनर,” काकू म्हणाल्या. डिट्टो त्याच आवाजात.