मामाची गुंतवणूक

नवउद्योगात पहिल्या फेरीत पैसे घालणाऱ्याला हल्ली एंजल म्हणतात. आमच्या जुन्नर तालुक्यात हे काम मामाकडे असतं.

भाच्याचं ॲप टोमॅटोचा पुढच्या महिन्याचा भाव आज सांगणार आहे. नारायणगाव बाजारात केस पांढरे झालेले आडते जे सांगायला धजत नाहीत, ते. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला आणि सप्टेंबरात लोकांनी तोच रस्त्यावर ओतला, याची मी त्याला आठवण करून दिली. "म्हणूनच तर ॲप हवं, मामा!" म्हणाला. पुढे बोलणंच खुंटलं, आणि मी पैसे घातले.

तेव्हापासून जिवाला घोर. पैसे बुडाले तर ही म्हणेल, "मी तेव्हाच सांगितलं होतं." कंपनी वर आली तर म्हणेल, "एवढेच घातलेत?" भाच्याचा फोन आला की धस्स होतं, नाही आला की त्याहून जास्त. एंजल टॅक्स सरकारने २०२४च्या अर्थसंकल्पात काढून टाकला. रात्री तीनला येणारी जाग मात्र कायम आहे.

अशा माणसाने लेण्याद्री गाठावी. तीनशेच्या आसपास पायऱ्या. वाटेत माकडाने नारळाची पिशवी ओढून नेली, पण निदान आधी स्लाइड तरी दाखवल्या नाहीत. वर गिरिजात्मज. पुत्रासाठी पार्वतीने इथे बारा वर्षं तप केलं, असं सांगतात. भाचा सातच मागतोय.

शेजारच्या चैत्यगृहात कल्याणच्या सुलसदत्ताच्या दानाचा लेख आहे. घाटाखालच्या या गृहस्थाने अख्ख्या कातळात पैसा ओतला, तोही पुण्यावर. असाच जुन्या काळातला दुसरा दाता, उषवदात, त्यापेक्षा व्यवहारी. विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं, दरमहा शेकडा एक व्याज, मुद्दलाला हात लावायचा नाही, हे सगळं त्याने नाशिकच्या लेण्यात कोरूनच ठेवलं. मला दरमहा भाच्याचा ईमेल येतो : उत्पन्न अजून नाही, प्रतिसाद प्रचंड.

खरा धाडसी गुंतवणूकदार म्हणजे भाच्याचे वडील, आमचे दाजी. रोपं, मल्चिंग, तार, बांबू, औषधं यांत दर हंगामाला ते होतं नव्हतं ते मातीत घालतात. त्यांना कुणी एंजल म्हणत नाही. सोसायटीवाले थकबाकीदार म्हणतात.

परवा त्यांनी हळूच विचारलं, "पोराचं ॲप काय म्हणतंय?"

"टोमॅटो कडाडणार म्हणतंय."

दाजींनी क्षणभर विचार केला. "मग यंदा मेथीच लावतो."