एकांचा हार

आमच्या मुलखात भाग न जाणारी गोष्ट सापडणं अवघड. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा बीदर जिल्ह्यालाच तिनानं भाग गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड दुसरीकडे, आणि बाकी उरलो ते आम्ही कर्नाटकात. भालकीच्या बाजारात तर वाक्यालाही भाग जातो: विचारपूस मराठीत, घासाघीस कानडीत, हिशेब उर्दूत. अशा ठिकाणी राहून एखाद्याला मूळ संख्यांचं वेड लागलं तर नवल नाही. एक आणि आपण स्वतः, याखेरीज कुणालाच दाद न देणारी ही मंडळी. गवंड्याला शहाबादी फरशीच्या एकोणीस अखंड लाद्या द्या. एका ओळीचा लांबलचक पट्टा होईल, खोली काही होणार नाही.

गणिताचं एक थोर घराणंही इथलंच. गुलबर्ग्याहून (कलबुर्गी म्हणायला जीभ अजून वळत नाही) सेडमकडे जाताना कागिणा नदीकाठी मालखेड लागतं. तेच राष्ट्रकूटांचं मान्यखेट. नवव्या शतकात, अमोघवर्ष नृपतुंगाच्या राजवटीत, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आचार्य जैन, पण दागिन्यांची हौस दांडगी! गुणाकाराची उदाहरणं त्यांनी अशी बेतली, की उत्तर गळ्यात घालावं. 139 गुणिले 109 म्हणजे 15151. 27994681 ला 441 नं गुणलं की 12345654321, जसं चढतं तसंच उतरतं. आणि 152207 गुणिले 73 केलं की ओळीनं आठ एक. अशा उत्तरांना ते चक्क कंठाभरण म्हणतात.

मात्र गुणाकारानं ओवलेला हार भागाकारानं उसवतो. तीन एकांना 37 नं भाग जातो, सात एकांना 239 नं. 11 नंतर थेट एकोणीस एक मांडावेत तेव्हा कुठे मूळ संख्या मिळते, मग तेवीस. गंमत अशी, की महावीराचार्यांनी चोवीस स्थानांना नावं दिली आहेत, पार महाक्षोभापर्यंत. एकोणिसावं स्थान शंख, तेविसावं क्षोभ. म्हणजे हे दोन्ही हार वाचायची सोय मान्यखेटात होती. ओवायची नव्हती, कारण एकानं गुणण्याला कोणताही मास्तर गुणाकार मानणार नाही. पुढचा हार 317 एकांचा, त्यापुढचा 1031 चा. तो मूळ असल्याचं सिद्ध व्हायला 1986 साल उजाडलं.

2024 मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली: दोनाचा 136279841 वा घात, उणे एक. आपल्या पद्धतीनं लिहिली तर चार कोटी दहा लाखांवर अंक; संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र नुसते एक, एकापुढे एक, 136279841 वेळा. महावीराचार्य हरखले असते. अमोघवर्षाच्या मानेचं काय झालं असतं, ते सांगवत नाही.

याचा उपयोग काय, असं विचारणारे भेटतातच. दागिन्याबद्दल हे कुणी विचारत नाही.

मालखेडचा किल्ला सवडीनं बघा. आधी कागद-पेन्सिल घेऊन 152207 ला 73 नं गुणा. मोबाइलला हात लावायचा नाही, आणि हातचे विसरायचे नाहीत.